चौथ्या कोपऱ्यातली धूळ

ताई,

तुला जाऊन एकोणीस दिवस झाले. परवापासून मी कामावर जायला लागलो. सकाळच्या पाळीत बुटीबोरीच्या कारखान्यात जातो, फिल्टरच्या कडा तपासतो, डबा खातो, परत येतो. जेवणाची चव लागते, झोपही लागते. संध्या माझ्याकडे बघत राहते, बायका उतू जायला आलेल्या दुधाकडे बघतात तशी. पण काही होत नाही. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं आहे सगळं.

आम्ही नवरा-बायको आता मानेवाड्यातच राहतो, तुझ्या आणि आईच्या घरी. तुझ्या खोलीत मी अजून शिरलो नाही. तुझ्या गाडीजवळून मात्र रोज जावं लागतं. ती फाटकातच उभी आहे, आणि माझी मोटारसायकल तिच्या बाजूनेच काढावी लागते.

लोक भेटायला येतात, तुझ्याबद्दल चांगलं बोलतात. कॉलेजातल्या एक बाई म्हणाल्या, "मॅडम कधी कोणाशी वरच्या आवाजात बोलल्या नाहीत." मी मान हलवली. बॉनेट उघडं टाकून माझ्याशी भांडताना त्यांनी तुला पाहिलेलं नव्हतं.

ती गाडी तू एका निवृत्त सरांकडून घेतलीस तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता ही ड्रायव्हर ठेवणार. दुसऱ्याच रविवारी तू बॉनेट उघडलंस. फिजिक्सच्या लॅबमध्ये तुझी बावीस वर्षं गेली होती, मुलांच्या हातात भिंगं आणि व्होल्टमीटर देण्यात. गाडी म्हणजे तुझ्या दृष्टीने आणखी एक उपकरण, जरा मोठं. आधी दिवे बदललेस. मग दारांच्या आतल्या पोकळीत जुन्या सतरंजीचे तुकडे चिकटवलेस, रस्त्याचा आवाज कमी यावा म्हणून. शेजारचे काका कुंपणावरून विचारायचे, "काय मॅडम, आज काय खोलून राहिल्या?" हातातला पाना न ठेवता तू सांगायचीस, "खोलून नाही राहिली काका, लावून राहिली."

मग आईला अर्धांगवायू झाला. डावी बाजू गेली. तिला गाडीत बसवायला तू, मी आणि रस्त्यावरचा एक रिक्षावाला, असे तिघं लागलो. तिचा निकामी पाय दाराच्या चौकटीत अडकून नडगी सोलली गेली. त्या पायाला कळलंसुद्धा नाही. रक्त बघून कळलं. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "मले आता कुठीच नेऊ नका."

त्यानंतर तू ती सीट करायला घेतलीस. ड्रायव्हरच्या शेजारची पुढची सीट काढायची, खाली दोन जाड पत्र्यांच्या मधात बेअरिंग घालायचं, म्हणजे सीट दाराकडे वळेल आणि आईला चाकाच्या खुर्चीवरून नुसतं सरकून तिच्यावर बसता येईल. वाडीच्या एका वेल्डिंगवाल्याकडे तू तीन महिने खेपा घातल्यास. आईच्या जागी तांदळाचं पोतं ठेवून, पट्टा लावून, रिंगरोडवर ब्रेक मारून पाहिलेस. मी एकदा आलो तेव्हा ते पोतं शेजारी बसलेलं होतं आणि तू वहीत काहीतरी लिहीत होतीस.

"सीट गाडीच्या बुडाशी पक्की असते म्हणून माणूस वाचते," मी म्हणालो. "तू मधात तबकडी घातली. एखाद्या दिवशी समोरून कोणी आदळलं तं?"

"बोल्ट मूळचेच आहेत. वरून दोन खिट्ट्या आहेत. एक सुटली तं दुसरी धरते."

"अन् दोन्ही सुटल्या तं?"

"राजू, घरात पडून राहून ती मरून राहिली, ते दिसत नाही का तुले?"

"ते दिसते. पण आरटीओत दाखव एकदा. कागदावर येऊ दे."

"दाखवीन."

दाखवलं नाहीस. मी अजूनही म्हणतो की दाखवायला हवं होतं. तो वाद आपला तसाच राहिला, आणि त्यात मी बरोबर होतो असं मला आजही वाटतं. पण ज्या दिवशी ती सीट पहिल्यांदा दाराबाहेर वळली, आई खुर्चीवरून तिच्यावर सरकली, तू तिचे दोन्ही पाय उचलून आत घेतलेस आणि सीट फिरवून खिट्ट्या लावल्यास, त्या दिवशी मी फाटकाशी उभा होतो आणि तिची रिकामी खुर्ची मीच घडी करून डिकीत ठेवली. आईने उजव्या हाताने पदर सारखा केला, समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघितलं आणि म्हणाली, "चाल वं, फुटाळ्याच्या तलावावर चाल. भुट्टा खाऊ."

आता फिल्टरचं सांगतो. हे मला सावकाश सांगायला पाहिजे.

तुमच्या घरासमोरच्या सिमेंट रस्त्याचं काम संपता संपत नव्हतं. तुळशीवर, गाडीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर राखाडी धूळ बसायची. इंजिनचा हवेचा फिल्टर दोन महिन्यांत भरून जायचा. साहजिकच तू मला विचारलंस. "माझा भाऊ फिल्टरच्याच कारखान्यात आहे," हे तू दुकानदारांना सांगायचीस, मेकॅनिकला सांगायचीस, एकदा तर पेट्रोल भरणाऱ्यालाही सांगितलंस.

"चांगला कसा ओळखायचा?" तू विचारलंस. लॅबची वही मांडीवर होती.

मी शिकवायला बसलो. आयुष्यात पहिल्यांदाच मी तुला काहीतरी शिकवत होतो. म्हणालो, जास्त हवा देतो म्हणून जाहिरात करतात त्याच्या मागे लागू नको. धूळ किती अडवतो ते पाहा. घड्या सारख्या अंतरावर आहेत का, कागद उजेडात धरल्यावर कुठे भोक दिसतं का ते पाहा. आणि सगळ्यात महत्त्वाची कडेची रबरी पट्टी. फिल्टर ज्या डब्यात बसतो त्याच्या झाकणाखाली ती चारी बाजूंनी दाबली गेली पाहिजे. कागद कितीही चांगला असो, कडेला फट राहिली की हवा तिथूनच जाते, आणि हवेसोबत धूळही जाते, थेट इंजिनात.

तू सगळं लिहून घेतलंस. 'कडेची पट्टी'च्या खाली दोन रेघा ओढल्यास.

तुझ्या गाडीचा नग आमच्याकडे बनत नव्हता. दुसऱ्या एका गाडीचा बनायचा, लांबी-रुंदी तीच. रबराची पट्टी तेवढी थोडी बसकी. पुढच्या आठवड्यात तोच एक घेऊन मी आलो. डब्यात ठेवला, झाकण दाबलं, क्लिपा लावल्या. मागच्या कोपऱ्यातली क्लिप फार सहज लागली. ती जोर देऊन लागायला पाहिजे. सहज लागली याचा अर्थ मला कळत होता, ताई. कारखान्यात याच कारणासाठी मी रोज नग बाजूला काढतो. पण तू शेजारी चहाचे दोन कप धरून उभी होतीस, तुझ्या चेहऱ्यावर एवढा भरवसा होता, आणि मला वाटलं, एवढ्याशाने काय होतंय.

"बसला," मी म्हणालो. "बिनधास्त चालव."

तू मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नव्हतीस. प्लास्टिकची पारदर्शक नळी वाकवून एका पट्टीला बांधलीस, तिच्यात निळं पाणी भरलंस, तिचं एक टोक फिल्टरकडून इंजिनात जाणाऱ्या पाइपला जोडलंस आणि मला शेजारी बसवून वर्धा रोडवर निघालीस. फिल्टर हवेला जितका अडवेल तितकं पाणी नळीत एका बाजूला चढतं. बाजारातल्या फिल्टरला ते दोन बोटं चढलं होतं. माझ्या फिल्टरला जेमतेम हललं.

"पाह्य राजू. पाणी जागचं हालत नाही," तू म्हणालीस. "याले म्हणतात फिल्टर."

मला फार बरं वाटलं. पट्टी हातात धरून मी त्या निळ्या पाण्याकडे बघत बसलो. पाणी का चढत नाही, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. निदान तेव्हा तरी विचारला नाही.

वर्षभर तू तोच वापरलास, झटकून झटकून. मग कुठेतरी वाचून तेल लावायचा कापडी फिल्टर आणलास, धुऊन पुन्हा वापरता येणारा. त्यावरही आपण भांडलो. मी म्हणालो, तेल जास्त झालं तर हवा मोजणाऱ्या सेन्सरवर जाऊन बसेल. तू म्हणालीस, मोजून लावीन. आणि स्वतःहून सांगितलंस, "तुझ्यापेक्षा याचं पाणी जास्त चढते बरं. पण हा धुता येते." स्वतःच्या विरोधात जाणारं रीडिंगही तू लपवत नव्हतीस.

फेब्रुवारीत तू आईला नरखेडकडे मामांच्या गावी घेऊन गेलीस. संत्र्याला बहार होता. आजारपणानंतर तिला माहेर पहिल्यांदा दिसलं. तू फोटो पाठवला होतास. गाडी झाडांच्या रांगेजवळ उभी, सीट बाहेर वळवलेली, आईचे अनवाणी पाय मातीवर टेकलेले. फोटोत ती हसत नाहीये, पण तिने डोळे मिटलेले आहेत, आणि वास घेत असावी असं वाटतं.

परत येताना काटोलच्या अलीकडे गाडी बंद पडायला लागली. सुरू व्हायची, शंभर पावलं जायची, पुन्हा बंद. तू मला फोन केलास. मला बुटीबोरीहून मोटारसायकलने यायला जवळपास दोन तास लागले. तोवर भर दुपार झाली होती. आईला धीर धरता आला नव्हता. तू सीट वळवून, शाल आडवी धरून जमेल तेवढं केलंस, तरी तिचं लुगडं भिजलं. मी पोचलो तेव्हा तू तिच्या कमरेला तुझी ओढणी गुंडाळली होतीस आणि ती दोघांकडेही बघत नव्हती. येणारे-जाणारे ट्रक हॉर्न वाजवत होते.

मी फिल्टरच्या डब्याचं झाकण काढलं, इंजिनात जाणारा पाइप सोडवला. सेन्सरवर तेल होतं, धूळ होती. तेल तुझं, हे खरं. पण पाइपात बोट फिरवलं तर खाली धुळीचा थर बसलेला, सिमेंटच्या रंगाचा. कापडी फिल्टर लावून दोनच महिने झाले होते, तेवढ्यात एवढा थर बसत नाही. मी झाकण उलटं केलं. रबर दाबलं जातं तिथे कडेने रेघ उमटते. तुझ्या नव्या फिल्टरची पुसट रेघ चारी बाजूंनी होती. तिच्याखाली माझ्या फिल्टरची जुनी, काळी रेघ होती, तीनच कोपऱ्यांत. चौथ्या कोपऱ्यात रेघ नव्हती. तिथून धुळीचा ओघळ सरळ आत गेला होता.

हे ओळखणं माझं रोजचं काम आहे. मला एक क्षणही लागला नाही. वर्षभर इंजिन त्या फटीतून श्वास घेत होतं. पाणी हललं नाही ते म्हणूनच.

तू माझ्या खांद्यामागे येऊन उभी राहिलीस. "काय झालं?"

मी खिशातलं फडकं काढलं आणि झाकण पुसलं. चौथा कोपरा आधी पुसला. मग पाइप पुसला.

"तेल," मी म्हणालो. "सांगतलं होतं तुले."

"मी मोजून लावलं होतं, राजू. दोनदा मोजलं."

"तुझं मोजणं तुझ्या लॅबमधात ठेव. आईवर प्रयोग करून राहिली तू."

आई ऐकत होती. मला वाटलं होतं तू उलटून बोलशील, नेहमीसारखी, आणि मग भांडणाच्या भरात कदाचित माझ्या तोंडून निघूनही गेलं असतं. तू फक्त आईजवळ गेलीस आणि सीट आत फिरवलीस. मी सेन्सर साफ केला, गाडी सुरू झाली. नागपूरपर्यंत मी तुमच्या मागे मोटारसायकल चालवत आलो. तुझ्या सायलेन्सरमधून निळसर धूर येत होता. इंजिन आता ऑइल जाळत होतं. आतली झीज झालेली होती. मी तो धूर सगळा रस्ता बघत आलो आणि चहाला न थांबता निघून गेलो.

त्यानंतर चार महिने आपण बोललो नाही. आईची औषधं, तिचे रिपोर्ट, सगळे निरोप संध्यामार्फत. मी सांगायचं ठरवलं होतं आणि राहून गेलं, असं खोटं लिहिणार नाही. ठरवलं नव्हतं. मला वाटत होतं की दिवाळीपर्यंत आपण दोघंही विसरू.

मग तुझ्या कॉलेजातून फोन आला. मी कारखान्यात होतो. स्टुलावर बसल्या, डोकं दुखतंय म्हणाल्या आणि कलंडल्या, असं त्यांनी सांगितलं. दोन दिवस तू दवाखान्यात होतीस. मी तुझ्या पलंगाजवळ बसलो होतो, तू जिवंत होतीस, नर्स म्हणाली बोला त्यांच्याशी, कधीकधी ऐकू जातं. मी म्हणालो, "ताई, आईची काळजी करू नको." एवढंच म्हणालो.

तू गेल्यावर नवव्या दिवशी आईने मला सांगितलं की काटोलच्या त्या दिवसानंतर तू तिला एकदाही गाडीत बसवलं नाहीस. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंना घरी बोलवायला लागलीस. संध्याकाळी खुर्ची फाटकापर्यंत न्यायचीस आणि तिथून परत आणायचीस. आईने विचारलं तर म्हणालीस, "माझ्याच्यानं चूक झाली, आई. राजू म्हणते ते बरोबर आहे."

मला हे ऐकून रडू यायला पाहिजे होतं. मी उठलो आणि पाण्याची टाकी भरली का ते बघायला गच्चीवर गेलो.

डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी मी नापास झालो होतो, तुला आठवत असेल. बाबा आठ दिवस माझ्याशी बोलले नव्हते. तू माझ्यासमोर पेपर पसरून बसलीस, प्रत्येक गणित पाहिलंस आणि म्हणालीस, "हे रीडिंग चुकलं. उपकरण खराब नाही झालं." मग सहा महिने रोज पहाटे मला उठवलंस. मी आज ज्या टेबलावर बसून लोकांचे नग नापास करतो, तिथे मला तू बसवलंस. याबद्दलही मी तुला कधी काही बोललो नाही. आपल्यात तसं बोलायची पद्धत नव्हती, आणि मला वाटायचं की तुला ते माहीतच असणार.

काल गाडी बघायला सावनेरकडचं एक जोडपं आलं होतं. संध्याच म्हणाली होती की विकून टाकू, दारात उभी बघवत नाही. त्या माणसाने बॉनेट उघडलं, सुरू करून पाहिली, मागे जाऊन धूर पाहिला. त्याची बायको त्या फिरत्या सीटला हात लावून बघत होती. तिने विचारलं, "हे कोणं केलं?"

"माझ्या बहिणीनं," मी म्हणालो.

शेजारचे काका कुंपणाशी आले होते. तेच म्हणाले, "मॅडमले खोलायचा लई शौक होता. काय काय फिल्टर लावे, नळ्या लावे. बाईमाणसानं इंजिनमधात हात घातला म्हणजे हेच होते." म्हणाले तेही मायेनेच, थोडं हसत. तो माणूसही हसला.

मी नुसता गप्प बसलो असतो तरी पुरे होतं. सगळे तेच धरून चालले असते. तू तर स्वतःच तसं धरून चालली होतीस.

"तिच्याच्यानं नाही झालं," मी म्हणालो. "फिल्टर मी दिला होता. दुसऱ्या गाडीचा होता. एका कोपऱ्यात फट राहिली, वर्षभर धूळ आत गेली. तिचं सगळं बरोबर होतं."

काकांनी विचारलं, "पण तुम्ही तं त्याच कामात आहे ना?"

"हो," मी म्हणालो. "त्याच कामात आहे."

त्या माणसाने बॉनेट हळूच खाली घेतलं, विचार करून सांगतो म्हणाला आणि दोघं गेली. काकाही आत गेले. मी वळलो तर आई दारात होती. संध्याने तिची खुर्ची उन्हाला आणून ठेवली होती. किती वेळापासून ती तिथे होती, मला माहीत नाही.

आजारापासून तिचे शब्द जड येतात, पण काल एकेक शब्द स्वच्छ होता.

"तिले मालूम होतं?"

"नाही."

"तू सांगतलं नाही."

"नाही सांगतलं."

तिने उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. मला वाटलं ती रडेल, किंवा मला शिव्या देईल. दोन्हीपैकी काहीही चाललं असतं. ती गाडीकडे बघत होती.

"काहून नाही सांगतलं?"

"भांडली असती," मी म्हणालो.

आईने मान हलवली.

"हो," ती म्हणाली. "भांडाले तरी आली असती."